ह्याची जत्रा कुठं भरते? वडगावातल्या शनिवारच्या वाचनाचं एक प्रकरण

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या पोरांना दर शनिवारी संध्याकाळी देवाधर्माच्या, पुराणातल्या, लोककथेतल्या गोष्टी वाचून दाखवायच्या असं ठरलं आणि कुठल्या वाचायच्या हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी घरी ट्युशन घेते आणि माझ्याकडं पुस्तकांचं एक कपाट आहे. कपाट म्हणजे सासऱ्यांचं जुनं लोखंडी, वरच्या दोन फळ्यांवर पुस्तकं आणि खाली अजून मागाचे सुटे भाग पडलेत. काम सोपं वाटलं होतं. दोन महिन्यात दोन पोरं यायची बंद झाली, एक मावशी रुसल्या, सासूबाई आणि मी आठ दिवस कामापुरतंच बोललो, आणि तरीही यंदा परत करायचं म्हणून पोरंच मागं लागलीत. म्हणून सगळं प्रकरण लिहून ठेवते. कुणाला असं काही करायचं असेल तर निदान चुका तरी नव्या करा.

आधी जागा आणि माणसं. वडगाव म्हणजे बेळगावचा विणकरांचा भाग, शहापूरला लागून. आमच्या घरी खाली चार पॉवरलूम होते, ते विकले, खोली तशीच राहिली. फरशीला अजून तेलाचा वास येतो, पोरं तिला मागाची खोलीच म्हणतात. तिथं चौदा पोरं जमायची, वय आठ ते चौदा. नऊ जण घरी मराठी बोलणारी, पण मराठी मीडियमला त्यातली तीनच, बाकीची इंग्लिश नाहीतर कन्नड मीडियमला. तीन लिंगायत घरातली, एक जैन, एक मुसलमान. भाषेची अडचण कुणालाच नव्हती, आमच्याकडं पोरांचं एक वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात संपतंय आणि मधे शिवी हिंदीत असते. ऐकायला मोठी माणसंही यायची. माझ्या सासूबाई, समोरच्या अक्का (त्या लिंगायत, घरी कन्नड), गल्लीच्या तोंडाला राहणारे रिटायर मास्तर, आणि टोकाच्या घरातल्या मावशी, ज्या खोलीत कधी आल्या नाहीत, उंबऱ्यावर बसायच्या. हे उंबऱ्याचं लक्षात ठेवा.

पहिली लिस्ट

मी रात्री मोबाईल आणि कपाट दोन्ही घेऊन बसले आणि चाळीसेक गोष्टींची लिस्ट केली. त्यातनं गाळताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, भांडण नको. इथं बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा ह्यावरनं दगड पडलेले आम्ही बघितलेत, देवाच्या गोष्टीवरनं पडायला किती वेळ लागतोय. मग जे जे जवळचं ते ते मी काढून टाकलं. यल्लम्मा नको, लिंगायतांचे बसवण्णा नकोत (अक्कांना वाटेल हिला काय कळतंय), चोखोबा नको, व्रताच्या कहाण्या नकोत कारण मला स्वतःलाच त्यातल्या दोन-तीन पटत नाहीत. राहिलं काय तर ग्रीक, अरबी, थोडं पंचतंत्र, थोडं चीनचं. मास्तरांनी लिस्ट बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, बाई, ही सगळी लांबची पाहुणे मंडळी झाली, घरातलं कोणच नाही. मला राग आला. मी म्हणलं, मास्तर, घरातल्यांना बोलवलं की मानपान आलाच.

पहिल्या शनिवारी पर्सिफनी वाचली. धान्यदेवीची मुलगी, तिला पाताळाचा राजा उचलून नेतो, आई शोधत हिंडते, पृथ्वीवर काही उगवत नाही, शेवटी मुलगी परत येते पण तिथं डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात म्हणून वर्षातले काही महिने तिला खाली जावंच लागतंय. मी छान वाचली, हो, स्वतःच सांगते. पोरं शांत बसली आणि संपल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, ह्याची जत्रा कुठं भरते?"

मी म्हणलं, जत्रा नसते, ही ग्रीसमधली गोष्ट आहे. ती म्हणाली, "मग ही कशाला सांगायची?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिच्या हिशोबानं गोष्ट म्हणजे कुठल्यातरी दिवसाची, कुठल्यातरी ठिकाणची, काहीतरी खायचं असलेली गोष्ट. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, त्यामागं गोष्ट आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाताना वाटेत गोष्ट आहे. नुसतीच गोष्ट, जिच्या मागं ना वार ना गाव, ती तिला अर्धवट वाटली. रात्री मी परत शोधत बसले तर गंमत अशी की ह्या गोष्टीची जत्रा होती की! अथेन्सपासनं एल्युसिस नावाच्या गावापर्यंत, वीसेक किलोमीटर, लोक दरवर्षी चालत जायचे, देवीच्या नावानं ओरडत, आणि हे शेकडो वर्षं चाललं, चौथ्या शतकाच्या शेवटी रोमन बादशहाने जुन्या देवांची पूजा बंद करेपर्यंत. पुस्तकानं आणि मी मिळून जत्रा कापून टाकली होती आणि गोष्ट तेवढी ठेवली होती. पुढच्या शनिवारी हे सांगितलं तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे दिंडीच की." आणि मग पर्सिफनीबद्दल अर्धा तास प्रश्न.

इथून माझी निवडायची पद्धत बदलली. वय, धर्म, भाषा, "बोध काय" हे सगळं बाजूला ठेवलं आणि प्रत्येक गोष्टीपुढं एवढंच लिहायला लागले की ही कुणाच्या तोंडची आणि कधी सांगतात. ज्या गोष्टीपुढं हे लिहिता आलं नाही ती थांबवून ठेवली. चाळीसातल्या सतरा गेल्या. आणि जवळच्या ज्या मी भिऊन काढल्या होत्या त्या सगळ्या परत आत आल्या, कारण त्यांचंच उत्तर गल्लीत बसलेलं होतं.

श्रावण

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सगळ्यात सोपी गेली. गणपत गल्लीतनं कहाण्यांचं पातळ पुस्तक आणलं होतं, पण सासूबाईंना पाठच. राजा हुकूम काढतो की सगळ्यांनी घरातलं सगळं दूध महादेवाला आणा, गाभारा भरायचाय. पोरं, वासरं उपाशी, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरातल्या पोराबाळांना, सुनांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध आणते आणि गाभारा भरतो. उचगावकडं आजोळ असलेला एक पोरगा म्हणाला, आमची आज्जी एक सड सोडते वासराला, पिळतच नाही. झालं, त्याच्यानंतर अर्धा तास म्हशी. मी अडवलं नाही. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं वाचन तेच झालं.

नागपंचमीच्या वेळी अक्का पहिल्यांदा बोलल्या. मी आपली शेतकऱ्याची कहाणी वाचली, नांगराच्या फाळानं नागाची पिल्लं मरतात, नागीण सगळ्या घराला डसते, लेक तेवढी सासरी असते, नागीण तिला डसायला जाते तर ती पाटावर नागकुळं काढून पुजत बसलेली, मग नागीण शांत होऊन अमृत देते. अक्का ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, आमच्या बसवण्णांचं एक आहे ते सांगू का. कन्नडात म्हणल्या, मग मराठीत. अर्थ असा: दगडाचा नाग बघितला की दूध घाला म्हणतात, खरा नाग बघितला की मारा म्हणतात; जेवणारा जंगम (लिंगायतांचा साधू) दारात आला की चल हो पुढं म्हणतात, न जेवणाऱ्या लिंगापुढं नैवेद्य ठेवतात. बाराव्या शतकातलं वचन हे. आता बघा, कहाणी म्हणते नागाला पूज, वचन म्हणतंय कुठल्या नागाला ते आधी सांग. मला वाटलं आता सासूबाई काहीतरी बोलणार. त्या म्हणाल्या, "खरंच आहे की ते, मागच्या वर्षी संडासात निघाला तेव्हा ह्यांनीच मारला." ह्यांनीच म्हणजे माझ्या नवऱ्याने. तो खाली मान घालून चुरमुरे खात होता.

तिथंच मला जोडीचं सुचलं. एकटी गोष्ट ठेवली की ती हुकूम केल्यासारखी बसते. शेजारी दुसरी ठेवली की पोरं मधल्या जागेत बोलायला लागतात. मग पुढची जोडी कन्नड संतकवी कनकदास आणि आपले चोखोबा. उडुपीला कनकदासांना देवळात घेत नाहीत, ते मागच्या बाजूला उभं राहून गातात, भिंतीला चीर पडते आणि कृष्णाची मूर्ती मागं वळते, ती खिडकी अजून दाखवतात. इकडं पंढरपूरला चोखोबाला विठ्ठल रात्री स्वतः आत घेऊन जातो, सकाळी देवाचा हार चोखोबाकडं सापडतो आणि मार चोखोबालाच पडतो. कन्नड मीडियमच्या पोरांना पहिली माहिती होती, मराठीवाल्यांना दुसरी, दोन्ही कुणालाच नव्हत्या. एका पोराचा प्रश्न: देव वळला तर मग दार का नाही उघडलं? मास्तरांनी त्याला तारीख सांगितली. चोखोबा मंगळवेढ्याला भिंत पडून गेले ते 1338 साल, आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं 1947 ला, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. पोरानं बोटावर वजाबाकी करायचा प्रयत्न केला, सहाशे नऊ. "सहाशे नऊ वर्षं?" म्हणून तो नुसता बघत बसला. मी तिथं काहीच बोलले नाही, बोलण्यासारखं काय होतं.

जैन पोरगा फार शांत, दीड महिना तोंड उघडलं नव्हतं. रामाची गोष्ट आली तेव्हा म्हणाला, आमच्यात रावणाला लक्ष्मण मारतो. सगळे हसले. मी त्याच्या आज्जीला विचारून आले, मग स्वतः वाचलं, आणि त्याचंच खरं होतं. जैन रामायणात राम हिंसा करत नाही, त्याला त्याच जन्मात मोक्ष मिळायचा असतो, म्हणून रावण लक्ष्मणाच्या हातून मरतो. आणि रावणाला दहा तोंडं नसतातच, गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसायची म्हणून दशमुख. हे ऐकल्यावर पोरं वेडीच झाली, दहा तोंडांपेक्षा त्यांना हार जास्त आवडला. आम्ही त्या रविवारी किल्ल्यातल्या कमल बसदीला, म्हणजे जैन देवळाला, जाऊन आलो, 1204 सालची, छताचं दगडी कमळ बघून आलो. हार काही तिथं नव्हता, तरी पोरगा गाइडसारखा पुढं पुढं.

मुसलमान पोराच्या घरनं काय घ्यायचं हा मला प्रश्न होता, कारण "त्यांच्यातली एक" म्हणून शोभेला ठेवायची नव्हती. त्याच्या आज्जीने करबलाची सांगितली, पाणी बंद केलं ती. खेड्यातल्या मोहरमचंही सांगितलं, पंजे उचलायला हिंदू घरचीच माणसं असायची म्हणाल्या. इकडच्या खेड्यात ते अजून असतंय, त्यामुळं पोरांना नवल वाटलं नाही, नवल मलाच वाटलं की हे त्यांना माहीत होतं.

थोडं विषयांतर. ए. के. रामानुजन म्हणून मोठे कवी आणि लोककथांचे अभ्यासक होऊन गेले, ते 1950 च्या दशकात आमच्या बेळगावात कॉलेजात शिकवायला होते. इथल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. रामायणाच्या अनेक रूपांवरचा त्यांचा निबंध 2011 ला दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातनं काढला तेव्हा पेपरात नाव आलं, तेवढंच. त्यांनी नोंदवलेली एक कानडी कथा आम्ही घेतली. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती कुणालाच सांगत नाही. कोंडून कोंडून ती दोघं एक दिवस बाई झोपल्यावर तोंडातनं बाहेर पडतात, गोष्ट होते जोडे आणि गाणं होतं कोट, आणि दारात जाऊन बसतात. नवरा विचारतो हे कुणाचे जोडे? पुढं भांडण. नवरा रुसून मारुतीच्या देवळात झोपायला जातो, तिथं रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारायला जमतात आणि उशिरा आलेली एक ज्योत सगळं सांगते. नवरा घरी येऊन विचारतो तर बाई म्हणते, कसली गोष्ट, कसलं गाणं? विसरलेली असते. हे वाचताना खोलीतले लाइट गेले. आमच्याकडं जातातच, त्यात काही चमत्कार नाही, पण पोरं जी किंचाळली. त्या दिवसापासनं खोलीबाहेरच्या चपला मोजायची पद्धत पडली, एक जोड जास्त निघाला की कुणीतरी गोष्ट दाबून ठेवलीय. पुण्यकोटी गायीचं कानडी गाणं त्यातनंच बाहेर आलं, माझ्या चाळीसच्या लिस्टीत ते नव्हतंच आणि पाच पोरांना सगळं तोंडपाठ.

चुकलं ते

आता यल्लम्मा. सौंदत्तीचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात, गल्लीतल्या निम्म्या घरांची कुलदेवी नाहीतर नवसाची देवी. माझ्या नव्या पद्धतीप्रमाणं ही पहिली यायला पाहिजे होती पण मी ती मागं ठेवली आणि घेतली तेव्हा फार तयारी करून घेतली. तीच तयारी नडली. महाभारताच्या वनपर्वातली रेणुका मी काढली: जमदग्नीची बायको नदीवर जाते, चित्ररथ राजाला बायकांबरोबर पाण्यात खेळताना बघते, मन ढळतं, जमदग्नी मुलांना सांगतो आईला मारा, चौघं मारत नाहीत म्हणून बापाच्या शापानं वेडेखुळे होतात, परशुराम मारतो आणि वर मागतो की आई परत उठू दे, तिला ह्यातलं काही आठवू नये, भाऊ बरे होऊ देत. मी वाचली आणि वर शहाणपणानं म्हणले, "ही मूळ कथा, बाकीचं सगळं लोकांनी नंतर जोडलेलं."

उंबऱ्यावरच्या मावशी उठल्या आणि गेल्या.

ह्या मावशींच्या घरी परडी, म्हणजे देवीची टोपली, आहे, दर पौर्णिमेला डोंगराला जातात, मार्गशीर्षात आणि माघात तर ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी नळावर मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं. त्या बादली भरेपर्यंत गप्प, मग म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात आई जिती झाली आन घरला गेली. मग डोंगरावर कोण बसलीया?"

मी ह्याला उत्तर शोधलं. खरंच शोधलं, कारण आधी मला वाटलं की ही श्रद्धेची गोष्ट आहे, माहितीची नाही. पण माहितीच्या दृष्टीनं पण त्यांचंच बरोबर. वनपर्वातली रेणुका ही परशुरामाच्या गोष्टीतली एक घटना आहे, गोष्ट पोराची आहे. डोंगरावरची गोष्ट आईची आहे. पुस्तकातली संपते तिथं हिची जत्रा सुरू होते. जुनं ते मूळ असेल, पण मूळ म्हणजे खरं आणि बाकी जोडकाम, हे माझं मीच ठरवलं होतं. कुणाच्या तोंडची हे विचारायचा नियम माझाच, आणि नेमका ह्याच गोष्टीला मी तो लावला नाही, ज्यांच्या तोंडची त्या तीन फुटांवर बसल्या असताना.

मी त्यांच्या घरी गेले. सांगाल का म्हणलं. त्यांच्या दोन अटी: शनिवार नाही, मंगळवार नाहीतर शुक्रवार, आणि पुस्तक उघडायचं नाही. शुक्रवारी आल्या, पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत, आणि बसून नाही, उभं राहून सांगितली. रेणुका रोज वाळूचा घडा करायची, न भाजलेला, नुसत्या वाळूचा, आणि जित्या नागाची चुंबळ करून डोक्यावर पाणी आणायची. त्या दिवशी मन ढळलं आणि घडा वळेनाच, नाग हातातनं निसटला. नवऱ्याच्या शापानं अंगावर कोड फुटलं. रानात हिंडताना एक्कय्या आणि जोगय्या भेटले, त्यांनी उपाय सांगितला, जोगुळभावीच्या कुंडात अंघोळ केली आणि अंग सोन्यासारखं झालं. मग परत घरी, आणि मग परशुरामाचा घाव. प्रत्येक टप्प्याला त्या थांबायच्या आणि पोरांनी "उदं गं आई उदं" म्हणायचं, नाही म्हणलं तर पुढं जायच्याच नाहीत. चौदाच्या चौदा पोरं म्हणत होती, त्यात सगळ्यात मोठा आवाज करबलावाल्याचा.

एक गोष्ट राहिली होती आणि ती मी टाळणार होते. तेरा वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, डोंगरावर मुली सोडायच्या म्हणजे काय? ह्याच देवीच्या नावानं मुली देवाला सोडल्या जायच्या, कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा झाला 1982 ला. मी शब्द जुळवत होते तोवर मावशीच बोलल्या. "माझी थोरली आत्या सोडलेली होती. देवीनं मागितली नव्हती, घरात खायला नव्हतं म्हणून सोडली." मग परडी उचलली आणि गेल्या.

त्या रात्रीच एका घरातनं निरोप आला की आमची दोन्ही मुलं यापुढं येणार नाहीत, आईचं मुंडकं उडवायच्या आणि असल्या गोष्टी ऐकवायच्या असतील तर नकोच. मी जाऊन भेटले. त्या भावजींचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, धाकटा आठ वर्षाचा आहे आणि तो दोन रात्री आईच्या कुशीत झोपला. मोठी दसऱ्यानंतर परत आली. धाकटा आला नाही. वयाकडं मी जरा जास्तच काणाडोळा केला होता, वारावर आणि जत्रेवर भर देताना. आठच्या आणि चौदाच्या पोराला एकाच चटईवर बसवलं हे माझं, मावशींचं नाही.

पोथीचा घोळ

सासूबाईंशी बिनसलं ते वेगळ्याच कारणानं. त्या श्रावणभर रोज शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात. श्रीधरांची ही पोथी 1718 ची, आणि अकराव्यात रुद्राक्ष बांधलेलं माकड आणि कोंबडा येतात, ते पाळणारी महानंदा ही वेश्या. सासूबाई म्हणाल्या पोरांना हाच वाच, ह्याच्याइतकं पुण्य कशात नाही. मी म्हणलं त्यातला हा शब्द मी कसा समजावू? त्या म्हणाल्या, "समजवायला कशाला पाहिजे, मी चाळीस वर्षं वाचतेय, मला कुणी समजावलं?" मला तेव्हा हा अडाणीपणा वाटला, आता तसं वाटत नाही. पोथी वाचतात ते कळण्यासाठी नाही, त्यांचं ते वाचन म्हणजे पूजाच, आवाज घरात फिरला पाहिजे एवढंच. आणि माझ्या खोलीतलं वाचन म्हणजे प्रश्न येणारच. एकच मजकूर, पण दोन वेगळी कामं. म्हणून अकरावा अध्याय मी गोष्टीत घेतला नाही. पोरं तशीही सकाळी दूध आणायला आली की ऐकतातच.

पण खरं भांडण ऋषिपंचमीचं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची कहाणी. विटाळ पाळला नाही म्हणून बाई पुढच्या जन्मी कुत्री होते आणि नवरा बैल, दोघंही आपल्याच मुलाच्या दारात. श्राद्धाच्या खिरीत साप गरळ टाकतो, कुत्री बघते, ब्राह्मण मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावते आणि सून तिला मारते. रात्री कुत्री बैलाला सांगते, मुलगा ऐकतो, व्रत करतो, दोघं सुटतात. मी म्हणलं ही मी वाचणार नाही. समोर सहा मुली बसतात, त्यातल्या तिघींना पाळी सुरू झालीय, त्यांना काय सांगू की शाळेत पॅड घ्या आणि घरी कुत्री व्हा? सासूबाईंचं म्हणणं, मी हे व्रत केलंय, तुझ्या नवऱ्याच्या आज्जीने केलंय, तू वाचली नाहीस म्हणून ती गोष्ट जाणार आहे का? मी उसळून म्हणलं, जाऊ दे गेली तर. आठ दिवस अबोला तो हा.

अक्का मधे पडल्या नाहीत, फक्त एवढं म्हणाल्या की लिंगायतांत शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या संतांनी, हा विटाळ मानलाच नव्हता, सूतक पाच प्रकारचं आणि पाचही मानायचं नाही, त्यात पाळीचंही आलं. "पण आमच्यात पण बाजूला बसवतात की," हेही त्यांनीच हसत सांगितलं. म्हणजे जोडी तयार होती, कहाणी आणि शरणांचं म्हणणं, दोन्ही शेजारी ठेवता आलं असतं. मी ठेवलं नाही. यल्लम्माच्या वेळी जे शिकले ते इथं चालवायला धीर झाला नाही, खरं तर राग होता. आणि तोवर पोरं मंडपात पळाली होती, गणपतीत आमच्याकडं पोरं घरात सापडत नाहीत, त्यामुळं प्रश्न आपोआप मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं.

मिटला नव्हता. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना तेरा वर्षाची तीच मुलगी चकल्या पाडत सासूबाईंना म्हणाली, आज्जी, ती कुत्रीची गोष्ट सांगा की, ताई सांगत नाही. सासूबाईंनी सांगितली, हात न थांबवता. मुलगी ऐकून म्हणाली, "पण आज्जी, कुत्रीनं तर सगळ्यांना वाचवलं. मग मार तिला कशाला?" सासूबाईंचा सोऱ्या जरा वेळ थांबला. "सुनेला माहीत नव्हतं ना," म्हणाल्या. आणि मग, थोड्या वेळानं, "मला पण हे कधी सुचलं नाही बघ."

यंदाची लिस्ट तयार आहे, ह्या वेळी आठ ते दहाची पोरं वेगळी आणि त्यांचा वार वेगळा. यल्लम्मा मावशींच्या शुक्रवारी. पुढच्या रांगेत बसवण्णा, अक्कांनी स्वतः दोन दिवस मागून घेतलेत. ऋषिपंचमीच्या आदल्या शनिवारची जागा मोकळी सोडलीय. सासूबाई म्हणतात मीच सांगणार. मी म्हणलं सांगा, पण मी पण तिथंच बसणार, अक्का पण बसणार. त्या म्हणाल्या बसा की, कोण नको म्हणतंय, चकल्याचं पीठ तेवढं आधी भिजवून ठेव.